परसातला कायोटी आणि ‘उपाय चालतो का?’ हा फसवा प्रश्न

मागच्या महिन्यात रात्री साडेअकराला आतेबहिणीचा व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ आला. ती शिकागोच्या एका उपनगरात राहते. वीस सेकंदांचा व्हिडिओ. मागच्या अंगणात कुंपणाजवळ कुत्र्यासारखा एक प्राणी उभा आहे. करडा-तपकिरी रंग, लांब पाय, झुबकेदार शेपूट खाली सोडलेली. तो खिडकीकडे बघतो आणि अजिबात घाई न करता हिरवळीवरून चालत निघून जातो. खाली मेसेज: “अगं, हा कायोटी. आठवड्यात तिसऱ्यांदा आला. आमच्या कुत्र्याला बाहेर सोडायची भीती वाटते, तो जेमतेम चार किलोचा आहे. तू प्राण्यांवरच पीएचडी करतेस ना? ह्याला हाकलायचा कसा ते सांग.”

मी काम करते रानडुकरांवर. शेतात येणारी डुकरं रोखायला शेतकरी जे उपाय करतात (जुन्या साड्यांचं कुंपण, फटाके, दिवे, बुजगावणी), त्यांचा उपयोग किती होतो हा माझा विषय. कायोटी मी आयुष्यात पाहिलेला नाही. पण प्रश्न तोच होता, त्यामुळे म्हटलं, अर्ध्या तासात दोन-तीन पेपर चाळून ताईला उत्तर देऊ. त्या अर्ध्या तासाचे चार दिवस झाले. ते चार दिवस कशात गेले ते सांगते, कारण सिनॉप्सिस लिहिताना तुम्हीही याच ठिकाणी अडकणार आहात.

आधी प्राण्याची ओळख. कायोटी, म्हणजे कॅनिस लॅट्रान्स, हा लांडगा आणि आपला कोल्हा यांच्याच कुळातला. वजन साधारण १० ते १६ किलो, म्हणजे आपल्या कोल्ह्यापेक्षा जरा मोठा आणि लांडग्यापेक्षा बराच लहान. मूळचा उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या आणि मधल्या मोकळ्या, कोरड्या प्रदेशातला. माणसाने लांडगे मारले, जंगलं तोडली आणि याला रान मोकळं मिळालं. हॉडी आणि केज यांनी संग्रहालयातले जुने नमुने आणि नोंदी वापरून २०१८ मध्ये नकाशे प्रसिद्ध केले. त्यांच्या हिशेबाने १९५० च्या दशकापासून या प्राण्याचा प्रदेश किमान ४० टक्क्यांनी वाढला. आज हवाई सोडून अमेरिकेच्या सगळ्या राज्यांत तो आहे. शिकागो परिसरात तर स्टॅन्ली गेर्ट यांचा गट २००० सालापासून कायोटींना रेडिओ कॉलर लावून त्यांचा मागोवा घेतोय.

धोका किती? व्हाइट आणि गेर्ट यांनी १९६० ते २००६ या काळातले अमेरिका आणि कॅनडातले माणसांवरचे हल्ले गोळा केले: १४२ घटना, १५९ जखमी. सत्तेचाळीस वर्षांत, दोन देशांत मिळून. ताईला हे कळवलं तेव्हा ती म्हणाली, “माझं जाऊ दे, कुत्र्याचं सांग.” बरोबरच होतं तिचं. लहान कुत्री आणि मांजरं यांना धोका खराच आहे. मी मला सोयीच्या प्रश्नाचं उत्तर देत होते, तिने विचारलेल्या नाही.

खातो काय, हे कोणाला विचारायचं

अंगणात येणारा प्राणी कशासाठी येतो हे कळल्याशिवाय हाकलण्याचा विचार करण्यात अर्थ नाही. म्हणून मी आहारावरचे पेपर आधी काढले.

शिकागो ज्या कुक काउंटीत आहे तिथला अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. १,४०० हून जास्त विष्ठेचे नमुने. त्यात छोटे उंदीर-घुशींसारखे प्राणी ४२ टक्के नमुन्यांत, फळं २३ टक्के, हरीण २२ टक्के, ससे १८ टक्के. मांजर जेमतेम १.३ टक्के. मी खुशीत ताईला लिहिणार होते, “तुमच्याकडचे कायोटी उंदीर खाऊन राहतात, घाबरू नकोस.”

तेवढ्यात लॉस एंजेलिसचा अभ्यास हाती लागला. २०२० चा. तिथल्या नॅशनल पार्क सर्व्हिसने स्वयंसेवकांच्या मदतीने विष्ठा गोळा केल्या आणि तपासल्या. दाट शहरी भागातल्या २० टक्के नमुन्यांत मांजर! त्याच परिसरातल्या उपनगरी भागात मात्र ४ टक्के.

१.३, ४ आणि २०. प्राणी तोच. यातला खरा आकडा कुठला?

इथे पेपर बंद करून ‘संशोधकांमध्ये मतभेद आहेत’ असं वाक्य लिहायचा मोह होतो. मीही पहिल्या वर्षी अशी वाक्यं बरीच लिहिली आहेत. पण मतभेद बहुतेक वेळा नसतातच. वेगळ्या जागी वेगळं मोजलेलं असतं. शिकागोच्या अभ्यासातही जिथे वस्ती दाट तिथे माणसाकडून मिळणारं अन्न जास्त, असाच कल होता. म्हणजे दोन्ही अभ्यास एकच गोष्ट सांगतायत: आहार त्या-त्या मोहल्ल्यावर ठरतो. ताईच्या अंगणासाठी ‘कायोटी काय खातात’ हा प्रश्नच मोठा पडतो. ‘या गल्लीत काय मिळतं’ हा प्रश्न हवा.

आता वरचे आकडे परत बघा. ४२, २३, २२, १८. बेरीज करा. १०५! पहिल्यांदा वाचताना माझ्या लक्षातच आलं नाही. हे टक्के अन्नाचे नाहीत, नमुन्यांचे आहेत. एकाच विष्ठेत उंदराचे केस आणि फळाच्या बिया दोन्ही सापडल्या, तर तो नमुना दोन्हीकडे मोजला जातो. त्यामुळे ‘कायोटीच्या आहारात २३ टक्के फळं असतात’ हे वाक्य चूक आहे. ‘२३ टक्के नमुन्यांत फळं सापडली’ हे बरोबर. एक बोर खाल्लं काय आणि पोटभर खाल्ली काय, नोंद एकच. वर्तमानपत्रं हा फरक हमखास खातात. आपण खायचा नाही.

तिसरी गोष्ट तर अजून मजेशीर. विष्ठेत केस, हाडं, बिया, दात सापडतात, कारण ते पचत नाहीत. पण ब्रेड, कुत्र्याचं कोरडं खाणं, उरलेला भात? ते जवळजवळ पूर्ण पचतं. म्हणजे या पद्धतीत माणसाचं अन्न आपोआप कमी दिसणार. यावर उपाय म्हणून संशोधक कायोटीच्या मिशीचा केस घेतात. अमेरिकेत मका सगळीकडे आहे: जनावरांच्या खाद्यात, पेयांत, तयार पदार्थांत. मक्याच्या कार्बनमध्ये कार्बन-१३ चं प्रमाण तिथल्या बहुतेक इतर वनस्पतींपेक्षा जास्त असतं. ते अन्नातून केसात उतरतं आणि मिशीचा केस हळूहळू वाढत असल्याने त्यात मागच्या काही महिन्यांची वही लिहिलेली असते. शिकागोतल्या कायोटींवर हे केलं तेव्हा दिसलं की एकाच शहरातल्या दोन कायोटींचा आहार एकमेकांपेक्षा बराच वेगळा असू शकतो. एक रानातच शिकार करतो, दुसरा वस्तीवर जगतो. ‘सरासरी कायोटी’ असा कोणी अंगणात येत नाही.

निर्ढावलेला आणि सोकावलेला

मग मुख्य प्रश्न. पिटाळून लावणं, म्हणजे आरडाओरडा, हात वर करून अंगावर जाणं, डबे वाजवणं, पाण्याचा फवारा मारणं. अमेरिकेतल्या बऱ्याच नगरपालिका रहिवाशांना हेच सांगतात. पण ह्याने खरंच फरक पडतो का?

इथे मला मराठीतले दोन शब्द इंग्रजी पेपरांपेक्षा जास्त उपयोगी पडले. माणसाला घाबरेनासा झालेला प्राणी म्हणजे निर्ढावलेला. बुजगावण्यावर कावळा बसतो तसा. त्याला कळलंय की इथे काही होत नाही. माणसाकडून काही मिळतं हे कळलेला प्राणी म्हणजे सोकावलेला. तो न घाबरण्यावर थांबत नाही, तो मागायला येतो. लांबून दोघे सारखेच दिसतात. ताईच्या व्हिडिओतला कायोटी यातला कुठला, हे वीस सेकंदांत कळणं शक्य नाही. पण उपाय चालणार की नाही, ते बरंचसं याच फरकावर अवलंबून आहे.

हे मी अंदाजाने म्हणत नाही. अमेरिकेत युटा राज्यात मिलव्हिल इथे बंदिस्त कायोटींवर संशोधन करणारं केंद्र आहे. ज्युली यंग आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये तिथला एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणूस दिसला की कायोटी जवळ येतो का हे बघायचं, आणि आला तर त्याला पिटाळायचं. पुन्हा-पुन्हा. बहुतेक कायोटी शिकले. ज्या वागण्यामुळे पिटाळलं जातं ते वागणं त्यांनी टाळलं. अपवाद होता तो हाताने खाऊ घातलेल्या कायोटींचा. ते माणसाजवळ जास्त येत होते, मग माणूस मोठा असो की लहान मूल, आणि पिटाळण्याचा त्यांच्यावर तितकासा परिणामही होत नव्हता. लेखकांचा निष्कर्ष साधा आहे: पिटाळणं उपयोगी पडू शकतं, पण खाणं मिळणं थांबलं तरच.

याच केंद्रातला ख्रिस्तोफर शेल यांचा २०१८ चा अभ्यासही याला जोडून वाचा. कायोटींच्या आठ जोड्या घेतल्या. पहिल्या विणीच्या वेळी आईबाप माणसाला बिचकत होते. दुसऱ्या विणीपर्यंत ते सरावले, आणि दुसऱ्या विणीची पिल्लं पहिल्या विणीच्या पिल्लांपेक्षा धीट निघाली. म्हणजे अंगणातली ढिलाई एका प्राण्यापुरती राहत नाही.

बंदिस्त प्रयोगाचं बळ काय? प्रत्येक प्राणी कोण, त्याने आधी काय अनुभवलं, सगळं माहीत. कमजोरी काय? पिंजऱ्यातून कायोटी शेजारच्या गल्लीत जाऊ शकत नाही. अंगणातून जाऊ शकतो.

म्हणून मग शहरातले अभ्यास. डेन्व्हर परिसरात बोनेल आणि ब्रेक यांनी रहिवाशांनाच पिटाळण्याचं प्रशिक्षण दिलं आणि प्रत्येक प्रसंगाच्या नोंदी मागवल्या. कॅनडात एडमंटनमध्ये कॉलीन कॅसेडी सेंट क्लेअर यांच्या गटाने एक पाऊल पुढे टाकलं. प्रशिक्षित स्वयंसेवक गल्ल्यांमधून गस्त घालायचे आणि कायोटी दिसला की त्याच्या दिशेने धावत जाऊन वाळू भरलेले टेनिस बॉल फेकायचे. (पीएचडीच्या कामाचं असं वर्णन घरी सांगायला मला फार आवडलं असतं.) २०२३ च्या त्यांच्या पेपरचा निष्कर्ष: असं केल्याने कायोटी माघार घेण्याची शक्यता वाढते.

आता बघा, ‘चालतो’ या एका शब्दात किती गोष्टी कोंबल्या आहेत. आत्ता ओरडलं तर तो आत्ता पळतो का? तोच कायोटी पुन्हा या अंगणात यायचा थांबतो का? आणि पूर्ण वस्तीत कुत्र्या-मांजरांवरचे हल्ले कमी होतात का? पहिल्याचं उत्तर रहिवाशांच्या नोंदींतून मिळू शकतं. दुसऱ्यासाठी प्राणी ओळखता यायला हवा, म्हणजे कॉलर हवी, कानाला टॅग हवा किंवा विष्ठेतला डीएनए. नाहीतर सोमवारी पळालेला आणि गुरुवारी न आलेला एकच, हे कशावरून? दहा नोंदी दहा कायोटींच्या की एकाच बिचाऱ्याच्या? तिसऱ्यासाठी तर अनेक वस्त्या हव्यात, काहींत उपाय करायचा, काहींत नाही, आणि दोन्हीकडे आधीची व नंतरची मोजणी करायची.

त्या ‘उपाय नाही’ असलेल्या वस्त्या का हव्यात हे विद्यार्थ्यांना पटवणं मला अवघड जातं, म्हणून थोडं थांबते. कायोटींची वीण हिवाळ्याच्या शेवटी, पिल्लं वसंतात. पिल्लं लहान असताना आईबाप बिळाजवळ कुत्रा आला तर त्याच्यावर धावून जातात. तक्रारी वाढतात. लोक वैतागून नगरपालिकेत जातात, कार्यक्रम सुरू होतो. तोपर्यंत पिल्लं मोठी होऊन बीळ सुटलेलं असतं, तक्रारी तशाही कमी होणार असतात. सर्दी उतरायला लागल्यावर घेतलेला काढा नेहमीच गुणकारी ठरतो, तसंच हे. शिवाय तक्रारींची संख्या म्हणजे कायोटींची संख्या नव्हे. प्रशिक्षण घेतलेला माणूस कायोटी दिसला तरी फोन करत नाही, स्वतःच डबा वाजवतो. तक्रारी घटतात, कायोटी आहेत तेवढेच.

“उचलून घेऊन जा की!”

ताईच्या शेजाऱ्यांचं मत होतं, पकडून लांब सोडा. नाहीतर मारा. यावर माझ्याकडे आपल्या घरचंच उदाहरण होतं. जुन्नर वनविभागात २००१ ते २००३ या काळात २९ बिबटे पकडून सरासरी ४० किलोमीटरवरच्या जंगलांत सोडले. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये त्याचा हिशेब मांडला. आधी वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते, कार्यक्रम सुरू झाल्यावर ते १७ वर गेले. बिबट्या म्हणजे कायोटी नव्हे, हे मान्य. पण ‘उचलला म्हणजे प्रश्न मिटला’ हे गृहीतक तपासावं लागतं, एवढं तरी त्यातून घ्या. कायोटीच्या बाबतीत तर जोडपं आपला इलाका राखून असतं. एकाला काढलं की रिकामी जागा दुसरा भरतो, आणि अंगणातलं खाणं तसंच असेल तर नवा आलेलाही यथावकाश सोकावतो. माणसावर धावून जाणाऱ्या विशिष्ट कायोटीला काढावं लागतं, हे खरंय. हिरवळीवरून चालत जाणाऱ्याला नाही.

मग ताईला फोन लावला आणि तिला अंगणात फिरून जे-जे खाण्यासारखं दिसेल ते सांगायला लावलं. पक्ष्यांच्या दाण्याचं फीडर, खाली दाण्यांचा सडा. त्यावर खारी आणि उंदीर. शेजाऱ्याच्या नासपतीची पडलेली फळं. कुत्र्याची वाटी मागच्या पायरीवर. न धुतलेली बार्बेक्यूची जाळी. आणि सगळ्यात शेवटी, आवाज खाली आणून: “सासूबाई आल्यात ना साताऱ्याहून. त्या रोज उरलेली पोळी आणि भात कुंपणाशी ठेवतात. काऊ-चिऊसाठी. त्यांना कसं सांगू?”

मी जे सुचवलं ते असं. आधी दोन आठवडे फक्त खाणं बंद: फीडर काढून ठेवायचं, वाटी घरात, फळं उचलायची, कचऱ्याचं झाकण घट्ट, जाळी धुवायची. कुत्रा एकटा बाहेर नाही, अंधारात तर नाहीच, आणि बाहेर नेताना आखूड पट्ट्याने. कायोटी दिसला तर खिडकीतून टाळ्या वाजवायच्या नाहीत, कारण त्याला आवाज आणि माणूस यांची सांगड घालता आली पाहिजे. बाहेर येऊन, त्याच्याकडे बघत, हात उंच करून ओरडायचं, आणि तो पूर्ण जाईपर्यंत थांबायचं नाही. अर्धवट सोडलं तर तो एवढंच शिकतो की थोडं थांबलं की माणूस गप्प होतो. पाठ फिरवून पळायचं नाही. त्याला पळायला वाट मोकळी ठेवायची. तो आजारी दिसत असेल, कोपऱ्यात अडकला असेल किंवा जवळ पिल्लं असतील, तर हे काहीच करायचं नाही, आपण मागे यायचं. दिवे आणि पाण्याचे फवारे लावायला हरकत नाही, पण जागा बदलत राहायचं, नाहीतर ती बुजगावणीच. कुंपण किमान सहा फुटी आणि खालची कड जमिनीत गाडलेली, कारण कायोटी चढतोही आणि उकरतोही. हे शेवटचं बारगळलं. त्यांच्या सोसायटीत चार फुटांपेक्षा उंच कुंपणाला परवानगी नाही.

सासूबाईंशी मी स्वतः बोलले. म्हटलं, “काकू, तुम्ही काऊला ठेवता, पण रात्री ते उंदीर खातो आणि उंदरामागे तो येतो.” त्या म्हणाल्या, “मग सकाळी ठेवते, मी समोर बसते आणि उरलं की उचलते.” कुठल्याच पेपरात नसलेला, पण बिनतोड तोडगा. एडमंटनच्या लोकांना कळवायला हवा.

या सगळ्यात माझं काय झालं ते सांगायचं राहिलं. सहा महिन्यांपूर्वी संशोधन समितीसमोर माझ्या सिनॉप्सिसमध्ये उद्दिष्ट क्रमांक दोन होतं: ‘रानडुकरांविरुद्धच्या पारंपरिक उपायांची परिणामकारकता तपासणे.’ एका सदस्यांनी विचारलं, “परिणामकारकता म्हणजे काय मोजणार?” मी म्हटलं, डुकरं येतात की नाही ते. “त्या शेतात, की गावात? साड्यांचं कुंपण घातलं आणि डुकरं शेजाऱ्याच्या शेतात गेली, तर उपाय चालला म्हणायचं का?” मला उत्तर देता आलं नाही. सिनॉप्सिस परत आलं. तेव्हा मला तो प्रश्न खोचक वाटला होता, आणि घरी येऊन मी गाइडकडे कुरकूरही केली होती.

ताईच्या अंगणाचं तेच आहे. तिथे कायोटी यायचा बंद झाला, तर तो शेजारच्या नासपतीखाली गेला असेल. ताईच्या दृष्टीने उपाय चालला. गल्लीच्या दृष्टीने काहीच झालं नाही. आता माझ्या उद्दिष्टात तीन वेगळ्या ओळी आहेत: शेतातल्या पायखुणा व नुकसानीचं क्षेत्र, लगतच्या उपाय नसलेल्या शेतांतलं नुकसान, आणि हंगामभरात परिणाम किती आठवड्यांनी विरतो ते. उपाय नसलेली शेतं मिळवणं महाकठीण आहे. कोण शेतकरी म्हणेल, माझ्या शेतात काही करू नका, फक्त मोजा? गाइडचं म्हणणं, वेगवेगळ्या शेतांत उपाय वेगवेगळ्या आठवड्यांत सुरू करावा, म्हणजे उशिरा सुरू होणारी शेतं तोवर तुलनेला वापरता येतात आणि उपायापासून कोणी वंचितही राहत नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा समितीसमोर जायचंय.

परवा ताईचा मेसेज आला. तीन आठवडे झाले, कॅमेऱ्यात कायोटी एकदाच दिसला, तोही कुंपणापलीकडून जाताना. “चालला बघ तुझा उपाय!” मी विचारलं, शेजाऱ्यांच्या नासपतीचं काय? ती म्हणाली, “अगं, फळांचा बहारच संपला ना.”